पेवातला होकार

१

शहरातल्या माणसाला खेडं दाखवायचं असेल तर आधी खेडं लपवावं लागतं. हे मला दीपाताईच्या नोकरीत कळलं. गॅसची टाकी गोठ्यामागं, पाण्याचा टँकर बांधापलीकडं आणि माझी पॅन्ट खुंटीला. मग मी धोतर नेसायचो. धोतर पुण्याहून आलेलं, फेटाही पुण्याचाच. आमच्या घराण्यात धोतर नेसलेला शेवटचा माणूस माझा बाप, आणि तोसुद्धा कोर्टाच्या तारखेला पॅन्ट घालून जायचा.

मी राधाकृष्ण. गाव तोंडावर तात्या म्हणतं, मागं काय म्हणतं ते लिहिण्याजोगं नाही. शाळा सातवीपर्यंत. पुढं मास्तरांच्या खुर्चीवर खाजकुयली कुणी टाकली याची चौकशी झाली आणि माझं शिक्षण पूर्ण झालं. वय बहात्तर. दिवसातून एकाला तरी फसवल्याशिवाय मला झोप येत नाही.

मिरजगावच्या अलीकडं, हायवे सोडून दोन किलोमीटर आत, प्रवीण आणि दीपा या पुण्याच्या नवराबायकोनं पाच एकर रान घेऊन 'आजोळ' काढलं. आजोळ पूर्वी आईमुळं मिळायचं, आता मोबाईलवर बुकिंग करून मिळतं. प्रवीण सोमवार ते शुक्रवार पुण्यात कॉम्प्युटरसमोर, दीपाताई इथं एकटी. तिला शांतता पाहिजे होती, माती पाहिजे होती आणि खरी माणसं पाहिजे होती. माती भरपूर मिळाली. खरी माणसं म्हणून तिनं मला ठेवलं.

पाहुण्यांना मी चालीरीती शिकवायचो. लिंबाचा पाला तोडायच्या आधी झाडाला तीन टिचक्या मारायच्या. म्हशीपुढून जाताना थांबून आपलं आडनाव सांगायचं. पहिला घास डाव्या हातानं उचलून उजव्या हातात द्यायचा. यातलं एकही आमच्या गावात कुणी कधी केलेलं नाही. सगळं मी सकाळी दात घासताना रचायचो. मोठमोठे इंजिनिअर म्हशीपुढं उभं राहून आडनाव सांगायचे आणि म्हैस रवंथ करत ऐकून घ्यायची. दीपाताई हे सगळं वहीत लिहायची, तारखेसकट.

रविवारी पाच वाजता पेवाचा कार्यक्रम. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं ज्वारीचं कोठार. तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढं, आत पोट रांजणासारखं, दोन पुरुष खोल. आता कुणी वापरत नाही, पण या रानात एक जुनं निघालं. बंद पेवातली हवा वाईट असते. उतरलेला माणूस गुमान खाली बसतो आणि उठत नाही. म्हणून आधी कंदील सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. उतरलं तर कमरेला दोर, आणि वर बसलेल्यानं थोड्या थोड्या वेळानं हाक द्यायची, "हाय का?" खालच्यानं म्हणायचं, "हाय." दोन हाकांना उत्तर आलं नाही की दोर ओढायचा.

माझ्या सगळ्या कार्यक्रमात एवढीच चाल खरी होती. तिच्यातही मी मीठमसाला घातलाच. पेवात कुणी नसायचं. मी लाकडी झाकण सरकवायचो, वाकून हाक मारायचो, आणि फेट्याचा शेमला तोंडाशी धरून, ओठ न हलवता, पोटातून उत्तर द्यायचो. "हाऽऽय." पाहुण्यांच्या अंगावर काटा. मी डोळे पुसत म्हणायचो, आमची जमीन अजून बोलती, बरं का.

२

श्रावणातला रविवार होता. मी हाक मारली. तंबाखूची गुळणी तोंडात राहिली होती, ती आधी थुंकावी म्हणून मान वळवली. एवढ्यात पेवातून उत्तर आलं.

"हाय."

माझ्यासारखं लांबवलेलं नव्हतं. साधं. कामात असलेला माणूस मान वर न करता म्हणतो तसं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई म्हणाली, किती नॅचरल. मी तंबाखू गिळली.

असा खोडसाळपणा गावात दुसरा एकच करू शकतो, हनुमंत. 'आजोळ'च्या हौदात टँकर ओतायला तोच येतो, आणि पाहुणे त्या पाण्याला विहिरीचं पाणी म्हणून डोळे मिटून पितात. मी त्याला बांधावर गाठलं.

"हनम्या, पेवात काय ठिवलंस?"

"तुमची अक्कल शोधाया उतरलो हुतो, तात्या. सापडंना."

"खरं सांग."

"तुमी मला खरं इचारताय? पावसाची लक्षणं हायती."

तो इतका पोट धरून हसला की माझी खात्री पटली, याचं काम नाही. फसवणारा माणूस हसताना डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत असतो. साठ वर्षं मी तसाच बघत आलोय.

मग मी स्वतःला समजावलं. पेवाचं पोट गोल, आवाज आत घुमतो, 'हाय का'मधला 'हाय' तेवढा परत आला असेल. 'का' आत जिरला. सातवीपर्यंतच्या विज्ञानात हे बसतं.

पुढच्या रविवारी मी हाक मारली आणि शेमला उचललाच नाही. नुसता थांबलो. उत्तर आलं. पण लगेच नाही. मी मनात सात मोजले तेव्हा आलं.

३

त्याच आठवड्यात माझा मोतीबिंदू काढायचा ठरला होता. भिंगारला लेकीकडं गेलो, शनिवार ते मंगळवार. परत आल्यावर दीपाताईला म्हणलं, "कार्यक्रम बुडाला तुमचा. काय सांगितलं पाव्हण्यांना?"

"बुडाला कुठे? मीच हाक मारली."

"मग?"

"मग काय तात्या, उत्तर आलं. तुम्हीच तर म्हणता ना, जमीन बोलते."

मला लगेच राग आला. म्हणलं, सापडलं. यांनी माझा आवाज मोबाईलमध्ये भरून घेतला, आत डबी बसवली, आता तात्याची गरज संपली. इतके दिवस उन्हात फेटा बांधून बसलो, आणि माझाच आवाज काढून घेऊन मला घरी बसवायचा बेत. ती बाजाराला गेल्यावर मी बॅटरी घेऊन पेवाच्या तोंडाशी पालथा पडलो. हात घालून कड चाचपली. वायर नाही, डबी नाही. कुजकट उबट वास तेवढा वर आला.

तो वास कशाचा हे मला ठाऊक होतं. आषाढात तिनं दोन पोती ज्वारी त्या पेवात ओतून घेतली होती. पारंपरिक साठवण म्हणे. पेव भरतात उन्हाळ्यात, तापवून, कोरडं करून, सरमाडाचं, म्हणजे ज्वारीच्या वाळक्या ताटांचं, जाड अस्तर लावून. तिनं भर पावसाळ्यात ओल्या मातीवर धान्य ओतलं आणि फोटो काढला. मी शेजारी उभा होतो. बोललो नाही. दिवाळीत धान्य वर काढल्यावर तिचा चेहरा कसा होतो ते मला बघायचं होतं.

तसं तिला फसवलं नाही असं गावात कोण होतं? दूधवाल्यानं पाणी घातलं. शेजाऱ्यानं बांध कोरला, दर नांगरटीला नांगराचं एक तास आत. मजूर सकाळी येतो म्हणायचे आणि मिरजगावच्या हॉटेलात बसायचे. ती प्रत्येकाला चहा द्यायची. संध्याकाळी प्रवीणला फोन लावायची तर तो मीटिंगमध्ये असायचा. मला गंमत वाटायची. कीव कधी वाटली नाही, आणि हे मी आता कबूल करतोय.

४

एका दुपारी मी वेळेआधी गेलो. पेवाचं झाकण बाजूला होतं. दीपाताई तोंडाशी पाय आत सोडून बसली होती, जशी मुलं कॅनॉलवर बसतात.

"ताई, पाय काढा आधी."

"या तात्या. आमचं चाललंय."

"कुणाचं?"

तिनं खाली बोट दाखवलं. "मी रोज बसते इथे. फार काही नाही. मी विचारते, आहेस का? तो म्हणतो, हाय. बास, एवढंच. या गावात एवढं कुणी म्हटलं नाही मला." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "रविवारी मी उतरणार आहे. तुमच्या पद्धतीनं, दोर बांधून. पाहुण्यांसमोर."

कुजलेल्या ज्वारीवर ही बाई उतरली तर दुसऱ्या हाकेपर्यंत टिकणार नाही, हे मला समोर दिसलं. मी खाली बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी न विचारता खरं बोललो. सगळं सांगितलं. आवाज माझा. शेमल्याआडून. टिचक्या खोट्या, म्हशीपुढची आडनावं खोटी, डावा घास खोटा. ज्वारी कुजलीय, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

तिनं आतून वही आणली. एकेक पान उलटून विचारलं, "हे?"

"खोटं."

"हे?"

"ते बी."

"हे, पहिल्या पावसाच्या पाण्यात चप्पल बुडवून ठेवायची?"

"ते लईच खोटं. तुमची नवी चप्पल हुती म्हणून."

ती प्रत्येक ओळीवर रेघ मारत गेली, सावकाश, शाळेतल्या बाईसारखी. तिचे डोळे भरले असते तर मला सोसलं असतं. भरले नाहीत.

"आणि तुम्ही भिंगारला होतात तेव्हा कोण बोललं?"

"घुमलं असंल ताई. आत कुणी बी न्हाई."

"तुम्ही आज खरं बोलताय हे मी कशावरून मानू?"

इथं मी गप्प बसून हनुमंताला बोलवायला हवं होतं, धान्य उपसून घ्यायला. पण बहात्तर वर्षांच्या माणसाला एका पोरीनं खोटारडा ठरवलं होतं, तेही तो खरं बोलत असताना. मी म्हणलं, "दोर आणा. मी उतरतो. कुणी न्हाई ते तिथनं वरडून सांगतो."

कंदील सोडला. अर्ध्यावर गेला आणि विझला.

"विझला, तात्या."

"वाऱ्यानं," मी म्हणलं.

पेवात वारा नसतो. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. एक मिनिटाचं काम, दम धरून करू, असा माझा हिशेब.

५

पाय धान्याला लागले तेव्हा वर तोंडाचा गोल ताटलीएवढा दिसत होता आणि त्यात दीपाताईचं डोकं. आत गरम होतं. आंबलेल्या पिठासारखा वास नाकातून थेट डोक्यात जात होता. मी खिशातला मोबाईल काढून उजेड पाडला.

ज्वारीला मोड आले होते. वीतभर लांब, पांढरेफटक. मोड उजेडाकडं वाकतात हे कुणालाही ठाऊक असतं. हे वर तोंडाकडं वाकलेले नव्हते. सगळेच्या सगळे भिंतीच्या एका बाजूला वाकले होते, जसं कुणी बोलायला लागलं की बसलेली माणसं त्याच्याकडं वळतात. तिथं ज्वारीत खळगा होता. मांडी घालून माणूस बसला की दाबून होतो तेवढा.

"हाय का?" वरून दीपाताई.

मी तोंड उघडलं.

"हाय," उत्तर आलं. माझ्या उजव्या कानाशी. माझ्याच आवाजात, पण मी कधी बोललो नाही इतकं सरळ.

मी उजेड तिकडं फिरवला. भिंत होती. ओली माती. मग खळग्याकडं फिरवला, तर खळगा भरत होता. दाणे कडेनं घसरून नव्हे. उशीवरून कुणी उठलं की उशी जशी हळूहळू वर येते, तसा.

मी ज्वारीत बसलो. छातीत हवा जात होती पण पुरत नव्हती. मी ओरडलो, "ओढ! ताई, ओढ!" चांगलं मोठ्यानं ओरडलो. गोलातलं डोकं हललं, ते मी पाहिलं. तिला ऐकू गेलं होतं.

दोर हलला नाही.

"हाय का?"

"हाय."

"ओढ," मी म्हणलं. आता आवाज अर्धाच निघाला. कानाजवळ कुणीतरी काही पुटपुटलं, तोंड वर करून, माझ्याशी नव्हे. शब्द लागले नाहीत. वर ती थोडं हसल्यासारखं वाटलं.

मला मास्तरांची खुर्ची आठवली नाही, देव आठवला नाही. एकच गोष्ट डोक्यात, ती ऐकतीय आणि ओढत नाही. मग तेही गेलं.

६

डोळे उघडले तेव्हा मी पालथा होतो, तोंडात माती होती आणि हनुमंत माझ्या पाठीत बुक्क्या घालत होता.

"मेला का काय हा? ओ तात्या."

टँकर रिकामा करायला आलेला. त्यानं नंतर सांगितलं, "म्या लांबनं आयकत हुतो. तुमी हाय, हाय म्हणत हुता, झ्याक चाललं हुतं. म्हणलं, म्हाताऱ्याला अर्ध्यावर वढून लोंबकळत ठिवू, जरा गंमत. तर वज्जं आलं मेल्यावानी."

चेष्टेनं वाचलो. कुणाच्या चांगुलपणानं नाही.

दीपाताई पेवाच्या कडेला तशीच बसली होती, दोराचं टोक मांडीवर. हनुमंत पाणी आणायला गेला तेव्हा मी विचारलं, "मी ओढ म्हणलं. आयकलं न्हाई?"

"ऐकलं."

"मग?"

"तुम्हा दोघांचंही ऐकलं." ती शांतपणे बोलत होती, जशी पाहुण्यांना खोलीची चावी देताना बोलते. "तुम्ही म्हणालात, ओढ. तो म्हणाला, हाय. मग तुम्ही परत ओढ म्हणालात, तेव्हा तो म्हणाला, तात्या चेष्टा करतायत, राहू दे थोडा वेळ."

"आन तुमी ठिवलं."

"तुम्ही मला दीड वर्ष फसवलंत. त्यानं एकदाही नाही. तुम्ही माझ्या जागी असतात तर कुणाचं ऐकलं असतंत?"

मी बहात्तर वर्षं लोकांना निरुत्तर करत आलोय, ते कसं लागतं ते त्या दिवशी कळलं. तिला ज्वारी उपसून पेव बुजवायला सांगितलं. ती म्हणाली, "तो आत आहे ना." मग माझ्या अंगावरची माती स्वतःच्या ओढणीनं झाडली. माया होती त्यात, तीही खोटी नव्हती. हेच मला अजून उलगडत नाही.

७

मी 'आजोळ' सोडलं. धोतर धुऊन परत केलं. प्रवीणचा फोन आला, "तात्या, दीपा आता खूप रमलीय तिथे, तुमच्यामुळेच." मी बरं म्हणलं.

कार्यक्रम चालू आहे. आता हाक ती स्वतःच मारते. पुण्याचे लोक येतात ते येतातच, आता गावातलेही जायला लागले. ज्यांनी तिचा बांध कोरला, दुधात पाणी घातलं, तेच संध्याकाळी पेवाकडेला बसून विचारतात, हाय का? आणि उठताना तोंडं अशी निवांत की मला बघवत नाही. मी चावडीवर सांगितलं, आत काय आहे ते कुणाला ठाऊक नाही, जाऊ नका, मी मरता मरता वाचलोय. सगळे हसले. एकजण म्हणाला, तात्या, ह्ये बेस जमलं. मी खरं बोलतोय हे सांगायला माझ्याकडं दुसरं तोंड नाही.

माझी बायको चांगुणाही जाते. पहिल्यांदा मला न सांगता गेली. मी विचारलं तर भाकरी थापता थापता म्हणाली, "जाते. काय झालं?"

"अगं मी मेलो असतो त्यात."

"व्हय, सांगितलंत तुमी." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "लग्न होऊन पन्नास वर्सं झाली. घरातनं हाक मारली, हायसा का म्हणलं, की तुमी कधी मांजराचा आवाज काढला, कधी कोनाड्याआड लपला, कधी म्येल्याचं सोंग घेतलं. धाकटा तापानं फणफणला हुता तवा बी. मी रडत गावभर हुडकलं आन तुमी माळ्यावर हसत हुता. तिथं मी एकदा इचारलं. एकदाच. लगीच म्हणाला, हाय."

"कोण म्हणाला?"

तिनं भाकरी उलटली.

मी ठरवलं, आता सरळ वागायचं. उशीर झाला तर झाला. चार दिवस उंबऱ्यात बसून राहिलो, तिच्या हाकेची वाट बघत. काल कलत्या उन्हात ती चुलीपासून उठली, पदराला हात पुसत दारात आली आणि म्हणाली, "हायसा का?"

मी तिच्या पायाशीच होतो. सोंग नाही, हसू नाही. म्हणलं, "हाय."

तिनं खाली बघितलं नाही. रानाच्या बाजूला तोंड करून, कान देऊन उभी राहिली. मी परत म्हणलं, "हाय की. इथंच हाय."

"गप बसा जरा," ती हळूच म्हणाली. "तुमाला न्हाई इचारलं."